मुलाचा रिपोर्ट शाळेला द्यायचा का?

वाचकाचं पत्र (ओळख पटेल असे तपशील गाळून, थोडक्यात)

मी मूळची साताऱ्याची. लग्नानंतर शिकागोजवळच्या एका उपनगरात राहते. नवरा कृष्णवर्णीय अमेरिकन आहे, मुलगा सात वर्षांचा. लोकल गाड्यांचं अख्खं वेळापत्रक त्याला तोंडपाठ आहे. मोठा आवाज त्याला सहन होत नाही, खुशीत आला की हात फडफडवतो आणि कुणी अचानक धरलं की किंचाळतो. शाळेतून सारखे फोन येतात: उद्धट आहे, आक्रमक आहे, ऐकत नाही. गेल्या महिन्यात फायर ड्रिलच्या वेळी तो बाईंना चावला आणि त्याला घरी बसवलं गेलं. त्याच्याच वर्गातला एक गोरा मुलगाही कान झाकून टेबलाखाली जातो. त्याच्यासाठी मात्र वर्गात वेगळा कोपरा आहे, उशी आहे, हेडफोन आहेत.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी 'शिस्त लावा' म्हणत दोन वर्षं घालवली. शेवटी आम्ही तज्ज्ञांकडे गेलो आणि ऑटिझमचा रिपोर्ट हातात आला. मला सुटल्यासारखं झालं. पण नवरा म्हणतो, हा कागद शाळेला द्यायचा नाही. एकदा दिला की ते त्याला मागच्या खोलीत टाकतील आणि विसरून जातील. सासूबाई म्हणतात, त्याच्या काकाचंही लहानपणी असंच होतं, देव बघेल. साताऱ्याहून आई म्हणते, नातेवाइकांत बोलू नकोस. एकदा तर म्हणाली, 'त्यांच्याकडचं रक्तच तापट.' मराठी मंडळात पूर्वी त्याचे गाल ओढणारे लोक आता तो जवळ आला की आपली मुलं बाजूला घेतात. तिथेच एका मराठी जोडप्याचा ऑटिस्टिक मुलगा आहे, त्याला मात्र सगळे सांभाळून घेतात. नवऱ्याला कसं पटवू? तो सत्य स्वीकारतच नाहीये. आणि मंडळात जाणं बंद करू का?

उत्तर

'तो सत्य स्वीकारतच नाहीये' हे तुमचं वाक्य मला पटलं नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

आपल्या मुलाला ऑटिझम नाही, असं तुमचा नवरा म्हणाल्याचं पत्रात कुठेही नाही. कागद शाळेला देऊ नकोस, एवढंच तो म्हणतोय. मुलगा कसा आहे हे त्याला दिसतंय. तो कागद कुणाच्या हातात पडला तर काय होईल, याचा अंदाज तो बांधतोय, आणि त्या अंदाजामागे त्याच्या समाजाचा फार जुना अनुभव आहे. १९७१ साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये सहा कृष्णवर्णीय मुलांचे पालक कोर्टात गेले. बुद्ध्यांक चाचणीत कमी गुण पडले म्हणून ही मुलं 'मतिमंदांच्या' वर्गात टाकली गेली होती. त्या शहरातल्या एकूण विद्यार्थ्यांमध्ये कृष्णवर्णीय मुलं एक तृतीयांशाहून कमी होती, पण अशा वर्गांमध्ये ती दोन तृतीयांशाच्या आसपास होती. पुन्हा त्याच चाचण्या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञांनी त्यांच्या पद्धतीने घेतल्या, तेव्हा ही मुलं त्या वर्गात बसतच नव्हती. १९७९ मध्ये न्यायाधीश रॉबर्ट पेकहॅम यांनी कॅलिफोर्नियात कृष्णवर्णीय मुलांना त्या वर्गात घालण्यासाठी असल्या चाचण्या वापरायला मनाई केली. तुमचा नवरा ज्या 'मागच्या खोली'बद्दल बोलतोय ती ही खोली. त्याच्या ओळखीत, नात्यात कुणीतरी तिथे बसलेलं असण्याची शक्यता बरीच आहे. त्याला विचारा. 'तुला कसली भीती वाटते?' असं विचारू नका, 'तू कुणाला तिथे बसलेलं पाहिलंस?' असं विचारा. दुसऱ्या प्रश्नाला माणूस खरं उत्तर देतो.

आता तुमची बाजू. तुम्हाला सुटल्यासारखं वाटलं, यात काहीच चूक नाही. 'शिस्त लावा' ऐकत तुमची दोन वर्षं गेली, आणि तशी ती फक्त तुमचीच गेलेली नाहीत. ऑटिझमची पहिली ठळक नोंद बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये केली. त्यात अकरा मुलं होती, सगळी गोरी, बहुतेक सुशिक्षित घरातली. ऑटिस्टिक मूल म्हटलं की कुणाचा चेहरा डोळ्यांपुढे आणायचा, हे तेव्हाच ठरून गेलं, आणि पुढे कित्येक दशकं डॉक्टरांनी तोच चेहरा शोधला. फिलाडेल्फियात सरकारी आरोग्य विम्यावरच्या मुलांचा एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गोऱ्या मुलांचं निदान सरासरी ६.३ व्या वर्षी झालेलं दिसलं, कृष्णवर्णीय मुलांचं ७.९ व्या वर्षी. त्याच संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं की ज्या मुलांना पुढे ऑटिझम ठरला, त्यांतल्या कृष्णवर्णीय मुलांना तज्ज्ञांच्या पहिल्या भेटीत ते निदान मिळण्याची शक्यता गोऱ्यांपेक्षा २.६ पटींनी कमी होती, आणि वर्तनदोषाचा शिक्का बसण्याची शक्यता जास्त. २०२० मध्ये ५८४ कृष्णवर्णीय ऑटिस्टिक मुलांची माहिती एकत्र केली गेली. पालकांना पहिली शंका आल्यापासून निदान होईपर्यंत सरासरी साडेतीन वर्षं गेली होती. त्यातल्या बहुतेकांकडे आरोग्य विमा होता, आणि पालक डॉक्टरांकडे जाऊन सांगतही होते.

म्हणजे तुम्ही ज्याला घाबरता तेही खरं आणि तुमचा नवरा ज्याला घाबरतो तेही खरं. ऑटिझम ओळखलाच गेला नाही तर मुलगा 'वांड' ठरतो. ओळखला गेला तर त्याच्याकडून कुणी काही अपेक्षाच ठेवत नाही. अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, आठ वर्षांच्या मुलांची २०२२ सालची जी आकडेवारी काढली, तिच्यात कृष्णवर्णीय मुलांमधलं ऑटिझमचं प्रमाण गोऱ्या मुलांपेक्षा जास्त दिसतं: हजारात ३६.६, गोऱ्यांमध्ये २७.७. वीस वर्षांपूर्वी चित्र उलटं होतं, म्हणजे निदान आता पोहोचू लागलंय, आणि ही चांगली गोष्ट आहे. पण त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे. ऑटिझमसोबत बौद्धिक अक्षमतेचीही नोंद असलेली मुलं कृष्णवर्णीयांमध्ये निम्म्याहून थोडी जास्त आहेत, गोऱ्यांमध्ये एक तृतीयांशाच्या आसपास. मदत उशिरा मिळणं, चाचण्यांची पद्धत, आणि ज्यांचं बोलणं-वाचणं चांगलं आहे अशी कृष्णवर्णीय मुलं मोजणीतूनच निसटणं, ही तिन्ही कारणं मला यामागे दिसतात. तुमचा मुलगा अशाच निसटणाऱ्यांपैकी आहे. वेळापत्रक पाठ म्हणणारं मूल डॉक्टरांना हुशार वाटलं, आणि हुशार मूल चावलं की त्याला खोडकर म्हणतात.

आणखी एका गृहीतकाबद्दल बोलायला हवं. तुम्हाला बहुधा असं वाटतंय की कारण कळलं की शाळेची वागणूक बदलेल. त्या गोऱ्या मुलाला कोपरा आणि उशी मिळाली ती त्याच्याकडे कागद होता म्हणून. असेलही. पण तुमच्या मुलाने कान झाकले तेव्हा त्याला त्रास होतोय हे ओळखायला त्या बाईंना कागद लागायला नको होता. त्यांना त्रास दिसला नाही, उद्धटपणा दिसला. समोरच्याचा रंग बघूनच अर्थ लावायची सवय नुसत्या रिपोर्टने जात नाही. २०१० मध्ये व्हर्जिनियातल्या स्टॅफर्ड काउंटीत नेली लॅटसन हा १८ वर्षांचा ऑटिस्टिक कृष्णवर्णीय मुलगा वाचनालय उघडायची वाट बघत बाहेर हिरवळीवर बसला होता. कुणीतरी फोन केला की एक संशयित बसलाय, बंदूक असेल. बंदूक नव्हती. पोलिसाशी झटापट झाली आणि तो गुन्हेगार ठरला. त्याला ऑटिझम आहे हे कोर्टाला सांगून झालं होतं, तरी तुरुंग आणि एकांतकोठडी चुकली नाही. राज्यपालांनी २०१५ मध्ये सशर्त आणि दुसऱ्या राज्यपालांनी २०२१ मध्ये पूर्ण माफी दिली, तोवर त्याची अकरा वर्षं गेली होती. तुमच्या नवऱ्याला हे नाव माहीत असेल. तुम्हीही ते माहीत करून घ्या, म्हणजे तो कागद द्यायला का घाबरतो हे तुम्हाला कळेल.

तरीही माझं मत स्पष्ट आहे: शाळेला सांगा. पण रिपोर्ट नुसता देऊन मोकळं होऊ नका, आपल्या अटींवर द्या. आणि त्या अटी तुमच्या नवऱ्याच्या शंकांमधूनच काढा, कारण कुठे फसवणूक होऊ शकते हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं दिसतं.

वैद्यकीय निदान आणि शाळेची पात्रता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शाळा स्वतःची तपासणी करते. ती करायला तुमची लेखी संमती लागते, आणि तपासणीनंतर पहिल्यांदा सेवा सुरू करायलाही लागते. त्याचा वैयक्तिक आराखडा, म्हणजे आयईपी, मान्य नसेल तर तुम्ही नाही म्हणू शकता. मुलाला शक्य तितकं सर्वसाधारण वर्गातच ठेवायचं, हे अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात आहे. एकदा आयईपी झाला आणि नंतर त्याला दुसरीकडे हलवण्यावरून वाद झाला, तर वाद मिटेपर्यंत तो आहे तिथेच राहतो. शाळेने केलेली तपासणी पटली नाही तर बाहेरच्या तज्ज्ञाकडून शाळेच्या खर्चाने पुन्हा तपासणी मागता येते. 'मागची खोली' टाळायला एवढी साधनं नवऱ्याच्या आजीच्या काळात नव्हती. ती तुम्ही वापरली तरच कामाची, नाहीतर नुसतीच पुस्तकात. आणि कागद न देण्याचीही किंमत आहे, ती त्याला सांगा: आयईपी असलेल्या मुलाला वर्षात दहा दिवसांपेक्षा जास्त घरी बसवायचं म्हटलं, तर ते वागणं त्याच्या अक्षमतेमुळे घडलं का, हे शाळेला बैठक घेऊन तपासावं लागतं. आज तुमच्या मुलाला हे कवच नाही. उद्या पुन्हा चावला तर तो फक्त चावणारा मुलगा असेल.

पूर्ण रिपोर्ट देण्याचं बंधन नाही. आधी दोघांनी मिळून तो ओळ न ओळ वाचा. त्यात घरातल्या आजारपणाचा इतिहास असतो, कधी बुद्ध्यांकाचा आकडा असतो, आणि तो आकडा मूल घाबरलेलं असताना काढलेला असू शकतो. तज्ज्ञांकडून निदान आणि शिफारशी एवढंच असलेलं एक-दोन पानी पत्र मागून घ्या आणि शाळेला ते द्या.

आता फायर ड्रिलकडे या. शाळेच्या नोंदीत 'बाईंना चावला' एवढंच असणार. त्याआधीची दोन मिनिटं कुठे आहेत? भोंगा वाजला. भिंतीवरचे दिवे लुकलुकू लागले. वीस-पंचवीस मुलं एकदम दाराकडे निघाली. तुमचा मुलगा कान झाकून थिजला असेल किंवा उलट्या दिशेला पळाला असेल. कुणीतरी मागून त्याचा दंड धरला, आणि मग तो चावला. मी प्रत्यक्ष तिथे नव्हते, पण अचानक धरलं की तो किंचाळतो हे तुम्हीच लिहिलंय. म्हणून शाळेकडे वागणुकीमागचं कारण शोधणारी तपासणी लेखी मागा. प्रत्येक प्रसंगाआधी काय घडलं, त्याने काय केलं, त्यानंतर मोठ्यांनी काय केलं, हे त्यात लिहावं लागतं. मग आराखड्यात ठोस वाक्यं घाला. ड्रिलची वेळ त्याला आधी सांगायची. भोंग्याआधी हेडफोन घालून एका ओळखीच्या मोठ्या माणसासोबत त्याने बाहेर पडायचं. मागून कुणीही धरायचं नाही. आणि त्याला ड्रिलचं वेळापत्रक करून द्या, अगदी गाडीचं असतं तसं: १०.०५ वर्ग, १०.०७ जिना, १०.०९ मैदान. त्याच्या डोक्यात जे आधीपासून नीट बसलंय, त्याचाच आधार घ्या.

या 'धरण्या'वर जास्त वेळ घालवतेय कारण ते क्षुल्लक नाही. २०१७-१८ च्या सरकारी आकडेवारीनुसार अमेरिकेतल्या सरकारी शाळांमध्ये अक्षमता असलेली मुलं १३ टक्के होती, पण ज्यांना शारीरिक बळाने आवरलं गेलं त्यांत ती ८० टक्के होती. त्यातही कृष्णवर्णीय मुलांचा वाटा त्यांच्या संख्येहून जास्त. आवरण्याबद्दल आराखड्यात काय लिहिलंय, ते तुम्ही नाही, तुमच्या नवऱ्याने वाचावं आणि सही त्याने करावी. बैठकीला दोघांनी जा. इंग्रजीत तुम्ही अडखळत नसाल, पण तिथे त्याचं असणं वेगळं काम करतं: या मुलामागे बाप उभा आहे हे शाळेला दिसतं. सोबत आणखी कुणाला न्यायची मुभा असते. प्रत्येक राज्यात केंद्राच्या निधीवर चालणारं पालक-मदत केंद्र असतं, तिथली माणसं या बैठका रोज बघतात.

उपचारांबद्दल बरेच जण विचारतात. तुम्हाला आठवड्याला कित्येक तासांची एबीए, म्हणजे सरावाने आणि बक्षिसाने मुलाचं वागणं बदलण्याची उपचारपद्धत, सुचवली जाईल. नजरेला नजर दे, हात हलवू नकोस, सांगितलं की लगेच ऐक, असं शिकवणारी एबीए असेल तर थांबा. अनेक ऑटिस्टिक प्रौढांनी लहानपणीच्या असल्या सरावाबद्दल फार दुःखाने लिहिलंय. पण इथे तुमच्या नवऱ्याचा प्रश्न गोऱ्या बापाच्या प्रश्नापेक्षा अवघड आहे. हात फडफडवणारा सात वर्षांचा मुलगा लोकांना गोड वाटतो. तोच सतरा वर्षांचा झाला, उंच झाला, अंगात हूडी असली, की रस्त्यावरचं कुणीतरी फोन उचलतं. म्हणून 'लपवायला शिकव' असं वाटणं साहजिक आहे. कृष्णवर्णीय ऑटिस्टिक माणसं सांगतात की त्यांना दोन गोष्टी लपवाव्या लागतात आणि त्यात ती पार थकून जातात. मला सुचतो तो मार्ग असा: घरात आणि शाळेत त्याचे हात मोकळे राहू द्या. बाहेरच्या दोन-तीन ठराविक प्रसंगांचा वेगळा, थोडका सराव करा. पोलीस थांब म्हणाला तर थांबायचं. खिशात हात घालायचा नाही. गळ्यातलं ओळखपत्र बोटाने दाखवायचं. कृष्णवर्णीय घरांमध्ये बाप मुलाशी पोलिसांबद्दल जे बोलणं करतोच करतो, तेच हे, फक्त ऑटिस्टिक मुलाला समजेल असं चित्रांनी आणि पुन्हा पुन्हा. हे नवऱ्याचं क्षेत्र आहे. त्याला करू द्या, आणि तुम्ही शेजारी बसा.

पोलिसांचा विषय निघाला म्हणून इलिनॉयमधली एक गोष्ट सांगते. २०१२ मध्ये तुमच्याच परिसरातल्या कॅल्युमेट सिटीत स्टेफन वॉट्स हा १५ वर्षांचा ऑटिस्टिक कृष्णवर्णीय मुलगा स्वतःच्या घरात पोलिसांच्या गोळीने गेला. फोन घरच्यांनीच केला होता, मदतीसाठी. त्याच्या नावाने ओळखला जाणारा कायदा २०२१ मध्ये इलिनॉयने केला. मानसिक संकटाच्या फोनला पोलिसांऐवजी प्रशिक्षित माणसं जावीत, असा तो आहे. तो सगळीकडे पूर्ण लागू व्हायला वेळ लागतोय, त्यामुळे त्याच्यावर विसंबून राहू नका. घरात कुणी कुठल्या प्रसंगी ९८८ (मानसिक संकटातली हेल्पलाइन) लावायचा आणि ९११ (पोलीस, रुग्णवाहिका बोलावायचा नंबर) कधी लावायचा नाही, हे तुम्ही, नवरा, सासूबाई आणि शेजारचं एक विश्वासाचं घर यांनी बसून ठरवा. तुमचे आई-बाबा तिकडे आले की त्यांनाही सांगा. भारतातून आलेल्या माणसाला पोलिसांना बोलवणं हा मदतीचा मार्ग वाटू शकतो, आणि अमेरिकेत ते जिवावर बेतू शकतं.

सासूबाईंचं 'काकाचंही असंच होतं' हे वाक्य तुम्ही नकार म्हणून वाचलंत. मला ते पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य वाटलं. त्या पिढीत कृष्णवर्णीय मुलांना ऑटिझमचं निदान क्वचितच मिळायचं. तो काका म्हणजे तुमच्या मुलासारखाच, पण कागद नसलेला माणूस असू शकतो. त्याचं पुढे काय झालं हे तुम्ही लिहिलेलं नाही. विचारा. शाळेत काय झालं, नोकरी केली का, कुणी सांभाळलं, चर्चमध्ये कुठे बसायचा, कुणाशी बोलायचा. घराने त्याला कोणत्याही नावाशिवाय सामावून घेतलं असेल, तर ते कसं जमलं हे त्याच बाई जाणतात. आणि त्याची आबाळ झाली असेल तर तेही त्याच सांगतील, आणि मग कागदाची गरज त्यांना तुम्ही समजावण्याची वेळ येणार नाही.

आता आई. तिच्याशी बोलताना ऑटिझम आणि रंग हे दोन विषय एकत्र करू नका. ऑटिझमबद्दल तिला माहिती नाही, ती हळूहळू द्या. आपल्याकडे अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, नावानिशी आहे, ही लाजेची किंवा कुणाच्या पापाची गोष्ट नाही, हे तिला पटेल. पण 'त्यांच्याकडचं रक्त' ही माहितीची कमतरता नव्हे. तिथे समजावत बसू नका, एकदाच आणि थेट सांगा: 'आई, तुझ्या नातवाचं रक्त अर्धं माझं आहे. हे वाक्य पुन्हा नको. त्याला मराठी कळतं.' ज्योतीराव फुल्यांचं मूळ गाव कटगुण, तुमच्याच जिल्ह्यातलं. १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली तेव्हा त्यांनी ती अर्पण केली ती अमेरिकेत निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. साताऱ्यातल्या घराला आपला जावई परका वाटत असेल, तर या ओळखीची आठवण करून द्यायला तुम्हाला पूर्ण हक्क आहे. नातेवाइकांना सांगायचं की नाही, हे आईने ठरवायचं नाही. पण आत्ता सगळ्यांना सांगायलाच हवं असंही नाही. मुलगा पुढच्या वेळी भारतात जाईल तेव्हा ज्या घरात राहायचंय, तिथे आधी सांगा.

मंडळाचं थोडं वेगळं आहे. गाल ओढणारे लोक दूर का झाले? मुलगा बदलला नाही, वाढला. २०१४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांनी दहा वर्षांपुढच्या कृष्णवर्णीय मुलग्यांचं वय खऱ्यापेक्षा सरासरी साडेचार वर्षांनी जास्त धरलं होतं. तुमचा सात वर्षांचा मुलगाही मंडळातल्या लोकांना असाच वयापेक्षा मोठा वाटत असेल, आणि मोठा मुलगा हात फडफडवत धावत आला की ते आपलं मूल मागे ओढतात. त्यांच्या मनात वाईट असेलच असं नाही, पण तुमच्या मुलाला ते कळतंय. तुम्ही त्या दुसऱ्या ऑटिस्टिक मुलाच्या आई-बाबांकडे आधी जा. तक्रार म्हणून नका जाऊ, त्यांची मदत मागा. 'तुमच्या मुलाला लोक समजून घेतात, माझ्याला का नाही, तुम्हाला काय वाटतं?' एवढं विचारा. ते प्रामाणिक असतील तर उत्तर देताना थबकतील, आणि पुढच्या कार्यक्रमात तुमच्या मुलाशेजारी येऊन बसतील. असं एक घर पुरतं. नाही आलं, तर मंडळ सोडल्याचं दुःख करू नका. गणपतीत ढोल-ताशांच्या वेळी त्याला तसंही बाहेर न्यावं लागणार. आरतीला मात्र तो स्वतः यायचं म्हणत असेल तर दाराजवळची जागा धरा.

मंडळापेक्षा मला एका वेगळ्या ओळखीची जास्त गरज वाटते. तुमच्या मुलासारखी मोठी झालेली माणसं त्याने आणि तुम्ही पाहायला हवीत. मिशिगनमध्ये कॅमिल प्रॉक्टर या कृष्णवर्णीय आईने मुलाच्या निदानानंतर 'कलर ऑफ ऑटिझम फाउंडेशन' ही संस्था २००९ मध्ये उभी केली, कारण पालकांच्या गटांमध्ये तिला आपल्यासारखं कुणी दिसत नव्हतं. तुमच्या नवऱ्याने तिथल्या बापांशी बोलावं, असं मला मनापासून वाटतं. मोरेनिके गिवा ओनाइवू या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या कृष्णवर्णीय लेखिका आणि आई आहेत, त्यांचं लेखन तुम्ही वाचा. आणि मुलाला लंडनचा स्टीफन विल्टशायर दाखवा. कॅरिबियन आई-बापांचा हा मुलगा लहानपणी बोलत नव्हता. आज तो हेलिकॉप्टरमधून एकदा शहर बघतो आणि खिडक्या-गल्ल्यांसह कागदावर उतरवतो. असं काही 'विशेष' असलं तरच मूल स्वीकारायचं, असा अर्थ यातून काढू नका. फक्त स्टेशनं आवडणाऱ्या मुलाला ती चित्रं आवडतील, म्हणून सांगितलं.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मुलाला सांगायचं का, हा प्रश्न येणारच. सांगा, लवकर सांगा, आणि बापाने सांगावं. शाळेत 'वाईट मुलगा' हे शब्द त्याच्या कानावर पडून झालेत. त्या जागी दुसरा शब्द त्याला घरातून मिळायला हवा.

शेवटी तारखेचं. तपासणीची मागणी लेखी द्या, तारीख घाला, प्रत स्वतःकडे ठेवा. पत्र मिळाल्यापासून शाळेचे, म्हणजे शाळा भरते ते, १४ दिवस, तेवढ्यात त्यांनी उत्तर द्यायला हवं. तुम्ही संमती दिल्यावर सगळं पुरं करायला इलिनॉयमध्ये ६० दिवस असतात, पण तेही शाळेचे दिवस. वर्ष संपायला साठाहून कमी दिवस उरले असतील, तर पुढचं वर्ष सुरू होण्याआधी पूर्ण करायचं असतं. पत्रात दोघांच्या सह्या असू द्या. कागद द्यावा की नाही यावर दोघांचं एकमत झालेलं नसलं, तरी तपासणी मागण्यावर होऊ शकतं. ते पत्र या आठवड्यात द्या, रिपोर्ट नंतर द्या.